कावळ्याची हद्द कुठून सुरू होते?

रोजच्या वाटेवरून चाललेलं असताना मागून पंखांची फडफड ऐकू येते आणि टाळूवर फटकन टप्पल बसते. वर बघावं तर कावळा समोरच्या तारेवर जाऊन बसलेला, मान तिरकी करून आपल्यालाच न्याहाळतोय. चार पावलं पुढे गेलं की पुन्हा तेच. पंधरवड्यानं त्याच झाडाखालून जावं, तर तोच कावळा ढुंकूनही बघत नाही.

आपण 'कावळा पिसाळला' म्हणतो आणि सोडून देतो. खरं तर आपण त्याच्या हद्दीत शिरलेलो असतो, आणि तेही चुकीच्या आठवड्यात. बहुतेक वेळा जवळच्या झुडपात किंवा खालच्या फांदीवर एखादं नुकतंच घरट्याबाहेर पडलेलं, धड उडता न येणारं पिल्लू बसलेलं असतं. ते आपल्याला दिसतही नाही, पण त्याचे आईबाप आपल्याला बघत असतात. हल्ला जवळजवळ नेहमी पाठीमागून होतो आणि बरेचदा चोचीनं होतच नाही, पायांनी होतो. वळून त्याच्याकडे तोंड केलं की बहुतेक कावळे बेत रद्द करतात. पिल्लू उडायला लागलं की प्रकरण मिटलं.

माणसावरचे हे हल्ले गाजतात, कारण त्यात आपण असतो. कावळ्याच्या हिशेबात ते किरकोळ आहेत. वर्षभर त्याचं खरं वैर चालतं ते दुसऱ्या कावळ्याशी, आणि हद्दीची सगळी भानगड समजून घ्यायची तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

आधी दोन शब्द वेगळे करू. पक्षी जिथे जिथे फिरतो, खातो, पाणी पितो, तो सगळा त्याचा वावर. त्यातला जो तुकडा तो आपल्याच जातीच्या इतरांना शिरू न देता राखतो, ती त्याची हद्द. (विदर्भ-मराठवाड्यात वावर म्हणजे शेत. तिथल्या वाचकांना हा फरक सांगायलाच नको, शेत आणि शेताचा बांध यातला आहे तो.) कावळा पाच किलोमीटरवर जाऊन खाऊन येईल आणि तिथे शंभर कावळ्यांच्या गर्दीत गुण्यागोविंदानं बसेल. तोच घरी परतला की बांधावर आलेल्या एकट्या परक्या कावळ्यालाही टिकू देणार नाही.

सगळे कावळे सारखे नाहीत. राखाडी मानेचा गावकावळा हद्दीच्या बाबतीत बराच सैल. तो घरटं आणि घरट्याचं झाड राखतो, बाकी सगळं सार्वजनिक. युरोप-आशियातला रूक तर वसाहत करून राहतो. एकेका झाडावर अनेक घरटी, आणि प्रत्येकाची मालकी घरट्याभोवती चोच पोचेल तेवढीच. शेजारी उठून गेला की त्याच्या घरट्यातल्या काड्या पळवायच्या, हा त्यांचा आवडता उद्योग. याच्या अगदी उलट टोकाला डोमकावळा, अमेरिकन कावळा, युरोपातला कॅरियन क्रो आणि रेव्हन. यांची जोडी जमली की शक्यतो वर्षानुवर्षं टिकते आणि ती एक सलग इलाखा धरून बसते. रेव्हनला मराठीत कुणी डोमकावळा म्हणतं, पण ते बरोबर नाही. रेव्हन हा कावळ्यांच्या कुळातला दांडगा भाऊ. वजन किलोच्या वर, पंख पसरले की सव्वा मीटरच्या आसपास, आणि शेपटी पाचरीसारखी.

हद्द केवढी, याला एक आकडा नाही. शहरात जिथे पावलोपावली खायला मिळतं तिथे कावळ्याच्या जोडीला काही एकर पुरतात. उघड्या माळरानावर किंवा डोंगरात रेव्हनची जोडी कित्येक चौरस किलोमीटर राखते. हद्द जितकी मोठी तितकी राखण महाग, कारण एका टोकाला गस्त घालताना दुसरं टोक मोकळं पडतं. त्यामुळे पोटापाण्याला आणि पिल्लांना पुरेल एवढीच जागा धरायची, वर एक झाडही नाही, असा तो व्यवहार. अन्न घटलं की हद्द ताणली जाते, वाढलं की आखडते.

अन्नापलीकडे या राखणीला आणखी एक कारण आहे आणि ते फारसं सुखद नाही. कावळे कावळ्यांची अंडी खातात. 1970च्या दशकात योराम योम-टोव्ह यांनी स्कॉटलंडमध्ये कॅरियन क्रोंवर प्रयोग केले. काही जोड्यांना त्यांनी घरट्याजवळच अन्न पुरवलं. त्या जोड्यांची पिल्लं जास्त जगली. फक्त पोट भरल्यामुळे नव्हे. अन्न जवळ असल्यानं आईबाप घरटं सोडून लांब जात नव्हते, आणि घरटं राखलेलं असलं की शेजारच्या किंवा भटक्या कावळ्यांना अंडी-पिल्लं पळवायची संधी मिळत नव्हती. घरट्यावरून पाच मिनिटं नजर हटली तर काय होऊ शकतं हे कळलं, की त्या सततच्या काव-कावचा अर्थ वेगळाच लागतो.

भांडण न करता भांडायचं कसं

सकाळी एखाद्या डोमकावळ्याच्या जोडीकडे अर्धा तास बघत बसा. नर सर्वांत उंच झाडाच्या शेंड्यावर, अगदी उघड्या फांदीवर बसतो. तिथे खायला काही नसतं. तो तिथे दिसण्यासाठी बसलेला असतो. थोडा पुढे झुकून, मान खालीवर करत, एका लयीत ओरडतो. मध्ये थांबतो. दूरच्या झाडावरून उत्तर येतं. पुन्हा हा ओरडतो. हे चालू असताना दोघांपैकी कुणी जागचं हलत नाही. बहुतेक सीमावाद एवढ्यावरच मिटतात.

मग कधी तरी शेजारची जोडी जरा जास्तच अलीकडे येते. मी एकदा बघितलेला प्रसंग सांगतो. विजेच्या तारेवर चार कावळे, दोन या बाजूला, दोन त्या बाजूला, मध्ये हातभर अंतर. पहिले चोच तारेवर घासत होते, जणू काही घडलंच नाही. दुसऱ्यांतल्या एकानं खालची एक सुकी काडी उचलली, तोडली, टाकली. पाच मिनिटं कुणी कुणाकडे थेट बघितलंही नाही. मग कुठलाही इशारा न दिसता पाहुणी जोडी उठली आणि इथल्या दोघांनी त्यांच्या मागे-मागे, थोडं वरून उडत, त्यांना रस्त्यापलीकडच्या झाडापर्यंत नेऊन सोडलं. तिथून लगेच माघारी. त्या रस्त्याच्या पुढे एक पंखही मारला नाही. अदृश्य रेषा कुठे आहे हे कळायचं असेल तर पाठलाग कुठे थांबतो ते बघावं.

रेव्हन याच गोष्टी जास्त थाटात करतो. रुबाब दाखवायचा असला की नर डोळ्यांवरची पिसं अशी उभारतो की शिंगं किंवा कान फुटल्यासारखे वाटतात. गळ्याची पिसं दाढीसारखी फुलतात आणि मांड्यांवरची पिसं सैल विजार घातल्यासारखी दिसतात. हवेत उडता उडता तो पाठीवर उलटा होतो आणि पुन्हा सुलट. यातलं किती जोडीदारासाठी आणि किती शेजाऱ्यासाठी हे वेगळं काढणं अवघड, आणि काढायची गरजही नाही. एकत्र गस्त घालणारी, एकसुरात ओरडणारी जोडी शेजाऱ्याला हेच सांगते की इथे दोघं आहेत.

कारण राखण एकट्याच्या आवाक्यातली नाही. मादी अंड्यांवर बसली की नर तिला भरवतो आणि पहारा देतो. दोघांतलं एक मेलं, तर उरलेल्याला लवकरात लवकर नवा जोडीदार मिळवावा लागतो, नाही तर जागा हातची जाते. मोकळी झालेली चांगली हद्द फार दिवस मोकळी राहत नाही, जागेच्या शोधात फिरणारे कायम असतातच.

ओळखीच्या शेजाऱ्याशी आणि परक्याशी कावळे एकसारखं वागत नाहीत, आणि त्यासाठी स्मरणशक्ती लागते. ऑस्ट्रियात मार्कस बेकल आणि थॉमस बुग्न्यार यांनी 2012मध्ये दाखवलं की रेव्हन जुन्या सोबत्यांचे आवाज तीन वर्षांनंतरही ओळखतात. जुना दोस्त ओरडला की ते त्यातल्या त्यात मऊ आवाजात उत्तर देतात, जुन्या वैऱ्याला घोगऱ्या, खर्जातल्या आवाजात. अनोळखी आवाजाला उत्तर आणखी जाड. खर्जातला आवाज म्हणजे 'मी मोठा आहे', ही युक्ती बेडकापासून माणसापर्यंत सगळीकडे चालते.

ज्यांना जागाच नाही त्यांचं काय

इथे गोष्ट रंगते. रेव्हन तीन-चार वर्षांचा होईपर्यंत, कधी त्याहून उशिरापर्यंत, वीण करत नाही. तोवर तो बिनजागेचा. असे तरुण टोळ्या करून भटकतात, रात्री एकत्र झोपतात, आणि प्रत्येक चांगल्या ठिकाणी आधीच एखादी जोडी बसलेली त्यांना सापडते.

1980च्या दशकात जीवशास्त्रज्ञ बर्न्ड हाइनरिश यांना अमेरिकेतल्या मेन राज्याच्या जंगलात एक कोडं पडलं. कडाक्याच्या थंडीत अन्न दुर्मीळ. अशात एखाद्या रेव्हनला मेलेलं जनावर सापडलं, तर त्यानं गप्प बसून आठवडाभर खावं, हे आपलं गणित. पण काही रेव्हन मढ्याशेजारी बसून घसा फोडून ओरडत होते आणि थोड्या वेळात आजूबाजूचे डझनावारी रेव्हन तिथे गोळा होत होते. इतका उदारपणा कशासाठी?

हाइनरिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यामागून हिवाळे मेलेली जनावरं ओढत नेऊन जंगलात ठेवली, पक्ष्यांना खुणा लावल्या आणि लपून बघत बसले. उत्तर सापडलं ते हद्दीत. ज्या जोडीच्या इलाख्यात मढं होतं ती जोडी गुपचूप खात होती, ओरडत नव्हती. ओरडत होते ते भटके तरुण. एकटा तरुण खायला गेला की मालक जोडी त्याला पिटाळून लावते. दोघं-तिघं गेले तरी तेच. पण मोठी टोळी आली की जोडीचा नाइलाज होतो, ती किती जणांना हाकलणार? तेव्हा ओरडणाऱ्याचा त्यात रोकडा फायदा. मढं मोठं असतं, वाटून खाल्लं तरी उरतं, आणि एकट्यानं तर काहीच मिळणार नव्हतं. रात्रीच्या मुक्कामाच्या जागेचंही तेच. ज्याला आदल्या दिवशी अन्न सापडलं त्याच्या मागोमाग सकाळी बाकीचे निघतात.

मला या शोधात सगळ्यात आवडते ती एक बारीक गोष्ट. एकाच मढ्यावर एकाच जातीचे दोन पक्षी, आणि एकाला गप्प राहण्यात शहाणपण, दुसऱ्याला बोंब मारण्यात. फरक फक्त जागा कुणाची आहे एवढाच.

सगळे तरुण भटकतात असंही नाही. अमेरिकन कावळ्यांची पिल्लं बरेचदा वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त काळ, आईबापांच्याच हद्दीत राहतात. धाकट्या भावंडांना भरवतात, पहारा देतात, घुसखोरांना हाकलतात. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका इथे केव्हिन मॅकगोवन यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीपासून खुणा लावलेल्या कावळ्यांची कुटुंबं वर्षानुवर्षं पाहिली. तिथे एकेका कुटुंबात डझनभर किंवा त्याहून जास्त कावळे असू शकतात. थोरला नर कधी कधी आईबापांच्या हद्दीला लागूनच आपली हद्द पाडून घेतो. वाटणी करून घेतलेलं वावरच ते.

हे घरी राहणं रक्तातच असतं की परिस्थितीनं येतं? याचं फार सुरेख उत्तर स्पेनमधून आलं. स्वित्झर्लंडमध्ये कॅरियन क्रोंची पिल्लं मोठी झाली की निघून जातात, उत्तर स्पेनमध्ये ती घरी थांबतात. व्हित्तोरियो बाल्योने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्विस घरट्यांतली अंडी स्पेनमधल्या घरट्यांत नेऊन ठेवली. 2002मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. स्पेनमध्ये वाढलेल्या सहा स्विस पिल्लांपैकी पाच घरीच थांबली आणि त्यांतल्या दोघांनी पुढच्या विणीत पालकांना मदतही केली. स्पेनमधल्या जोड्या बारा महिने हद्द धरून असतात, हा त्यातला मोठा धागा. घर कायमचं असेल तर मुलांनाही थांबण्यात अर्थ आहे.

हद्दीची वेळ असते

बारा महिने म्हणजे चोवीस तास नव्हे. विणीचा हंगाम सरला की संध्याकाळी हेच कट्टर मालक आपली जागा सोडून निघतात आणि शेकडो-हजारो कावळ्यांसोबत रातथाऱ्याला जाऊन बसतात. सिएटलजवळच्या बोथेल इथल्या विद्यापीठाच्या आवारात हिवाळ्यात दहा हजारांहून जास्त कावळे रात्री उतरतात. दुपारी ज्याला पिटाळलं तो शेजारी रात्री दोन फांद्या सोडून झोपलेला असू शकतो. घुबडाच्या भीतीपुढे सीमावाद थांबतो. उजाडलं की जो तो आपापल्या बांधावर.

घुबडावरून आठवलं. दिवसा झोपलेलं घुबड दिसलं की कावळे त्याच्यावर जो कलकलाट करतात, त्याला हद्द म्हणता येणार नाही, कारण तिथे शेजारपाजारचे वैरीही एकत्र येतात. पण विणीच्या काळात त्याला धार चढते, हे खरं. कावळे आणि रेव्हन यांच्या झटापटी हे त्याचं उत्तम उदाहरण. बेंजामिन फ्रीमन आणि एलियट मिलर यांनी उत्तर अमेरिकेतल्या हौशी पक्षीनिरीक्षकांच्या दोन हजारांवर नोंदी तपासून 2018मध्ये लिहिलं की अशा 97 टक्के झटापटींत हल्लेखोर कावळा होता. अर्ध्याहून कमी वजनाचा! पण तो चपळ असतो आणि एकटा क्वचितच येतो. झटापटी सर्वांत जास्त होतात त्या विणीच्या दिवसांत, कारण रेव्हन कावळ्यांची अंडी-पिल्लं पळवतो.

विणीच्या तोंडावर कावळ्यांचं डोकं किती तापलेलं असतं याचा एक विचित्र दाखला केली स्विफ्ट आणि जॉन मार्झलफ यांच्या सिएटलमधल्या प्रयोगांत मिळाला. त्यांनी जंगली जोड्यांच्या हद्दीत मेलेला कावळा ठेवला. बहुतेक कावळ्यांनी लांबून आरडाओरडा केला, जमाव गोळा केला, जवळ आले नाहीत. पण साधारण चारातल्या एका वेळी कुणी तरी त्याला स्पर्श केला, आणि त्यांतल्या काहींनी मढ्याला टोचलं, ओढलं, क्वचित त्याच्याशी जोडी करायचाही प्रयत्न केला. असे प्रकार मुख्यतः विणीच्या सुरुवातीला घडले. घुसखोर, जोडीदार आणि धोका या तीन गोष्टींची त्या दिवसांत गल्लत होत असावी, असा त्यांचा अंदाज.

मार्झलफ यांचाच मुखवट्यांचा प्रयोग जास्त प्रसिद्ध. 2006मध्ये त्यांच्या चमूनं सिएटलमधल्या विद्यापीठाच्या आवारात आदिमानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले, खुणा लावल्या आणि सोडून दिले. तेव्हापासून तो मुखवटा घातलेला कुणीही आवारात फिरला की कावळे त्याच्या मागे लागत. तुलनेसाठी दुसरा मुखवटा होता तो तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचा. त्याला कावळ्यांनी काही केलं नाही. पुढच्या वर्षांत ओरडणाऱ्यांची संख्या वाढत गेली, कारण आईबाप ओरडताना पाहून पिल्लं तो चेहरा शिकली. म्हणजे ज्या कावळ्याला आपण कधी त्रास दिला नाही तोही आपल्यावर डूख धरू शकतो. आपल्या जागेत कोण येतं आणि त्यातलं कोण वाईट, ही माहिती त्या जागेसोबतच पुढच्या पिढीकडे जाते.

राहता राहिला काचेवर चोच मारणारा कावळा. त्याला काचेत दिसतो तो एक तगडा घुसखोर, जो कितीही धमकावलं तरी मागे हटत नाही. उलट आपण चोच उगारली की तोही उगारतो. खरा कावळा एव्हाना उडून गेला असता. म्हणून हा खेळ तासन् तास, कधी आठवडे चालतो. आतून पडदा ओढून उपयोग नाही, त्यानं काच उलट जास्तच आरशासारखी होते. झाकायची ती बाहेरून. आमच्या खिडकीवर असा एक पठ्ठ्या रोज सकाळी साडेसहाला हजर असायचा. तिसऱ्या आठवड्यात मी काचेला बाहेरून जुनी वर्तमानपत्रं चिकटवली. दुसऱ्या दिवशी तो आला, कागद बघितला, कठड्यावर दोन फेऱ्या मारल्या, एकदा मोठ्यानं ओरडला आणि खाली उभ्या असलेल्या स्कूटरच्या आरशावर जाऊन बसला.